नऊ रात्री, सत्तर हजार: व्हिएतनामची पहिली परदेशवारी स्वतः कशी आखावी

आईला पहिल्यांदा परदेशी न्यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकच सल्ला दिला, पॅकेज घे. तीन कंपन्यांचे कागद मागवले. तिन्हींत सात दिवसांत सहा शहरं, रोज सकाळी सहाला उठून बस, आणि दुपारी ठरलेल्या हॉटेलात पनीर बटर मसाला. आईचं वय चौसष्ट, जेवण शाकाहारी, गुडघे जरा कुरकुरणारे. तिला तिथं नेऊन बसच्या खिडकीतून देश दाखवायचा नव्हता. म्हणून सगळं स्वतः आखलं. ते करताना जे कळलं ते इथं क्रमानं लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. परदेशवारी स्वस्त होते ती घासाघीस केल्यानं नाही, तर ठिकाणं कमी केल्यानं आणि एकाच दिशेनं पुढे जात राहिल्यानं. प्रत्येक जादा शहर म्हणजे एक जादा तिकीट, स्टेशनापासून हॉटेलापर्यंत दोन जादा टॅक्स्या आणि अर्धा दिवस वाया. व्हिएतनामचा नकाशा बघा: उत्तर-दक्षिण लांबुडका देश, कमरेत अगदी चिंचोळा. उत्तरेला हनोईत उतरा, किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली सरका, आणि दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीतून (तिथले लोक अजून सायगॉनच म्हणतात) परत या. आलेल्या वाटेनं मागं फिरायचं नाही.

आधी महिना, मग तिकीट

आपल्याकडे सुट्टी म्हणजे दिवाळी नाहीतर मे महिना. व्हिएतनामच्या बाबतीत दिवाळी टाळा. देशाच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आन या भागात, खरा पाऊस आपला पाऊस परतल्यावर सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पुराचे महिने. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्वे आणि होई आन दोन्हीकडे पुराचं पाणी शिरलं होतं. डिसेंबर-जानेवारीत हनोईत स्वेटर लागेल इतकी थंडी असते.

सगळ्या देशाला एकदम बरं हवामान म्हणजे फेब्रुवारीची अखेर ते एप्रिलचा मध्य. मे महिन्यात उकाडा होतो, पण कोकणात मे काढलेल्या माणसाला तो नवा नाही. दोन तारखा मात्र कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एक 'तेत', त्यांचं चांद्र नववर्ष. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात अख्खा देश गावी जातो, गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद. दुसरी ३० एप्रिल, देशाच्या एकीकरणाचा दिवस, आणि त्याला जोडून १ मे. आपल्या महाराष्ट्र दिनाची जोडसुट्टी साधून जायचा मोह अनेकांना होतो, पण नेमकी तीच त्यांचीही सुट्टी असते.

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी, दोन्हीकडे थेट विमानं आहेत. साधारण पाच तासांचा प्रवास. तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' निवडा: जाताना मुंबई–हनोई, येताना हो ची मिन्ह सिटी–मुंबई. दोन-अडीच महिने आधी घेतलं तर माणशी २४-२५ हजारांच्या आसपास मिळू शकतं. स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा सात किलोची हातातली बॅगच असते. चेक-इन बॅगेचे पैसे तिकिटासोबतच भरा, विमानतळावर तेच काही पटींनी पडतात. दोघींत मिळून एकच मोठी बॅग आम्हाला पुरली.

पासपोर्ट, व्हिसा आणि नावाची भानगड

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा. नवीन काढायचा असेल तर ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळसाठी आणखी २,०००. पासपोर्ट सेवा केंद्र लांब असेल तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या मोठ्या पोस्टात ही सोय आहे का ते बघा. आमच्याकडे आहे, आणि गर्दीही कमी असते.

व्हिएतनामचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळू लागला. एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर, अनेकदा असेल तर ५० डॉलर. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असतं. शोध घेतल्यावर वर येणाऱ्या, दिसायला अगदी तशाच साइट्स दलालांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. कामाचे तीन दिवस लागतात असं साइट सांगते. मध्ये शनिवार-रविवार आणि त्यांच्या सुट्ट्या धरून तीन आठवडे आधी अर्ज करा.

आता मराठी माणसाची खास अडचण. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दोन्ही असतं. अर्जात मी आईचं फक्त पहिलं नाव आणि आडनाव लिहिलं, बाबांचं नाव गाळलं. व्हिसा तसाच आला. पासपोर्टवर एक आणि व्हिसावर दुसरं नाव घेऊन विमानतळावर जायची माझी हिंमत झाली नाही. पुन्हा अर्ज केला, पुन्हा २५ डॉलर भरले, कारण फी परत मिळत नाही. तेव्हा पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यातलं नाव अक्षर न् अक्षर उतरवा. विमानाच्या तिकिटावरही तेच. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी, हेही थांबून बघा. अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार ते विचारतात. हनोईचं 'नोई बाय' लिहिलं तर तिथंच उतरा. मंजूर व्हिसाच्या दोन प्रती छापून घ्या, फोनमधल्या चित्रावर विसंबू नका.

प्रवासविमा आईचा जरा महाग पडला, पण तो घेतलाच. साठीपुढच्या माणसाचा विमा काढताना रक्तदाब, मधुमेह जे असेल ते लिहा. लपवलेला आजार निघाला की दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

पैसे

तिथलं चलन डाँग, आणि शून्यं पाहून पहिल्या दिवशी गरगरतं. एका रुपयाला साधारण २९० डाँग. माझी रीत अशी: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं. ५० हजार डाँगचं जेवण म्हणजे ५० गुणिले साडेतीन, १७५ रुपये. आईला दुसऱ्या दिवसापासून हे माझ्यापेक्षा लवकर जमायला लागलं.

डाँग आपल्याकडे सहज मिळत नाहीत. बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून डॉलर घ्या, पॅन कार्ड लागतं. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या मागून घ्या. घडी पडलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट तिथं नाकारतात किंवा तिला कमी भाव देतात. उतरल्यावर विमानतळावर थोडेच बदला, बाकीचे शहरात बँकेत. फॉरेक्स कार्डाबद्दल (परकी चलन आधीच भरून घ्यायचं कार्ड) एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही: त्यात डाँग भरता येत नाहीत. डॉलर भरता आणि तिथं डाँगमध्ये खर्च करता, म्हणजे बदलाचा आकार दुसऱ्यांदा लागतो. त्यापेक्षा परकी चलनावर आकार न घेणारं डेबिट कार्ड असेल तर तेच न्या. आणि एटीएमनं 'रुपयांत हिशेब करू का?' अशा अर्थाचा प्रश्न विचारला की नाही म्हणा. तो भाव कधीच आपल्या फायद्याचा नसतो.

२० हजार आणि ५ लाखाच्या नोटा दोन्ही निळसर आहेत. संध्याकाळच्या उजेडात एकीऐवजी दुसरी दिली जाते. १ लाख आणि त्यावरच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

माझा हिशेब, खोली दोघांत धरून, माणशी असा: मुंबईचं येण्याजाण्याचं विमान २४ हजार, दा नांग ते सायगॉन देशांतर्गत विमान बॅगेसह साडेचार हजार, व्हिसा, विमा आणि सिमकार्ड मिळून ४ हजार. हॉटेल आठ रात्री, खोली २,२०० च्या आसपास, म्हणजे माणशी ८,८००. रेल्वे साधारण ४,३५०, टॅक्सी-बस साडेचार हजार, जेवण दिवसाला हजार धरून १० हजार, प्रवेश तिकिटं आणि एक दिवसाची सहल मिळून पावणेचार हजार. बेरीज ६४ हजारांच्या आत. ऐनवेळच्या खर्चाला सहा हजार हाताशी ठेवले. सत्तर हजार ते असे.

मार्ग

हनोई दोन रात्री, निन्ह बिन्ह एक, एक रात्र रेल्वेत, ह्वे एक, होई आन तीन, सायगॉन एक. 'हा लाँग बे' ही समुद्रातली प्रसिद्ध खाडी मी गाळली. चुनखडीच्या सुळक्यांमधून होडी फिरते तेच निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनमध्ये नदीवर अनुभवता येतं. तिकीट अडीच लाख डाँगच्या आसपास, म्हणजे पावणेनऊशे रुपये, आणि त्यात जवळपास तीन तासांची वल्ह्याची होडी. हा लाँगच्या क्रूझला त्याच्या कितीतरी पट लागतात. समुद्र तो समुद्र, हे मान्य. पण पहिल्या खेपेला, हात आखडता असताना, मी त्रांग आनच निवडेन.

उतरल्यावर पहिला तास

टॅक्सीसाठी तिथं 'ग्रॅब' हे ॲप सगळीकडे चालतं. ते भारतात असतानाच टाका आणि नोंदणी पूर्ण करा, कारण ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो. भाडं आधी दिसतं, भाषेची गरज पडत नाही. ग्रॅबची दुचाकीही मिळते, चालक हेल्मेट देतो. एकट्याला ती सगळ्यात स्वस्त. विमानतळावर गाडीपर्यंत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणणाऱ्यांकडे वळू नका. नोई बायहून शहरात ८६ नंबरची केशरी बसही येते, साधारण ४५ हजार डाँगमध्ये, जुन्या हनोईवरून थेट रेल्वे स्टेशनापर्यंत. बॅग ठेवायला जागा असते. आईला घेऊन आम्ही याच बसनं गेलो.

हॉटेलात पासपोर्ट मागतात. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते म्हणून तो घेतात. नोंद झाली की परत मागून घ्या. आणि पत्त्यांचा एक गोंधळ लक्षात ठेवा: १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांत-शहरांची ३४ केली. होई आन आता कागदोपत्री दा नांग शहरात मोडतं. बुकिंगवर जुना पत्ता आणि नकाशावर नवा दिसला तर घाबरू नका, हॉटेलच्या नावानं शोधा.

हनोईत रस्ता ओलांडणं ही शिकायची गोष्ट आहे. दुचाकींचा लोंढा थांबत नाही. थांबायची वाट बघत राहाल तर कडेलाच उभे राहाल. एका संथ, सारख्या चालीनं पुढं जात राहायचं. दुचाकीवाले तुमची चाल जोखून दोन्ही बाजूंनी निघून जातात. मध्येच थबकणं किंवा मागं पळणं हेच धोक्याचं. बस आणि ट्रक मात्र वळत नाहीत, ते जाऊ द्यावेत. पुण्यात वाढलेल्या आईला हे दोन चौकांत जमलं, मला चार लागले.

दुचाकी भाड्यानं घेऊन फिरायचा बेत असेल तर तो सोडा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना १९४९ च्या कराराप्रमाणे असतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतं. दुकानदार गाडी हसत देईल, पण अपघात झाला तर तुम्ही विनापरवाना चालक ठरता आणि विमा हात वर करतो. निन्ह बिन्ह आणि होई आनमध्ये सायकल पुष्कळ आहे, अनेक हॉटेलं ती फुकट देतात.

रेल्वे

हनोई ते सायगॉन ही १,७२६ किलोमीटरची एकेरी रेल्वेवाट आहे. १९३६ मध्ये पुरी झाली, युद्धात तुटली, आणि १९७६ च्या शेवटी पुन्हा जोडली गेली. डबे चार प्रकारचे: कडक बाक, मऊ खुर्ची, सहा बर्थचा कप्पा, चार बर्थचा कप्पा. सहा बर्थच्या कप्प्यात सगळ्यात वरच्या माणसाला ताठ बसताही येत नाही. वयस्कर सोबत असेल तर चार बर्थमधली खालची जागा घ्या, थोडे जास्त पडतात ते सार्थकी लागतात. तिकीट तिथल्या रेल्वेच्या साइटवर मिळतं. आपलं कार्ड कधीकधी चालत नाही, अशा वेळी हॉटेलवाल्याला सांगितलं की तो थोडे पैसे घेऊन काढून देतो.

निन्ह बिन्हहून रात्री उशिरा गाडी पकडली की सकाळी ह्वे. एका रात्रीचं हॉटेल वाचतं. निन्ह बिन्ह सोडायच्या दिवशी बॅग हॉटेलातच ठेवून घ्यायला सांगा, सहसा नाही म्हणत नाहीत. रात्रीच्या स्लीपर बसही आहेत आणि त्या स्वस्त आहेत, पण बर्थ अरुंद, पाय लांब करायला खोकं, आणि वरच्या मजल्यावर चढायला लोखंडी पायऱ्या. आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं.

ह्वे ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाउजेडीच करा. अडीच-तीन तास. हाय व्हान घाटात गाडी डोंगराच्या कडेनं वळत जाते आणि खाली थेट समुद्र. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, तेव्हा डावीकडची खिडकी मागा. आई रत्नागिरीची. कोकण रेल्वेत बोगदा संपला की क्षणभर दिसून लपणारी खाडी तिच्या ओळखीची आहे. इथं समुद्र तसा लपत नाही, मैलोन् मैल सोबत येतो. दीड तास ती काही बोलली नाही.

शाकाहारी माणसाचं पोट

याची सगळ्यांना धास्ती असते, म्हणून जरा सविस्तर. तिथं शाकाहाराला 'चाय' म्हणतात, आणि बौद्ध परंपरेमुळे तो लोकांना नवा नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबानं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पुष्कळ माणसं मांसमासळी खात नाहीत. त्या दिवशी गल्लोगल्ली शाकाहारी गाड्या लागतात. 'कम चाय' अशी पाटी असलेली खाणावळ म्हणजे भात आणि भाज्या, पूर्ण शाकाहारी. ५०-६० हजार डाँगमध्ये पोटभर. 'तोय आन चाय', मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा. गंमत अशी की हनोईत 'चाय' मागितलं तर चहा येत नाही. चहाला तिथं 'चा' म्हणतात, आपल्या जिभेला अगदी जवळचा शब्द.

साध्या हॉटेलात 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'नुक माम', म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, मिठासारखं सगळ्यात पडतं, भाजीच्या परतण्यातही. ते नको हे वेगळं सांगावं लागतं. भाषांतराच्या ॲपमध्ये 'मांस, मासे, माशाचं पाणी, हाडांचं सूप यातलं काही नको' असं वाक्य आधीच करून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. अंडं चालत असेल तर अंडं भरलेलं पावाचं 'बान्ह मी' कुठंही मिळतं. कांदा-लसूणही नको असणाऱ्यांना कम चायवाल्या खाणावळीच उत्तम, कारण मंदिराच्या वळणाच्या स्वयंपाकात तो बहुधा घालतच नाहीत. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या. दशम्या पहिल्या दोन दिवसांत संपल्या, चटणी भाताबरोबर शेवटपर्यंत पुरली.

होई आन, आणि एक दिवस 'मी सन'च्या देवळांसाठी

होई आनला रेल्वे नाही. दा नांगहून ग्रॅबनं ३० किलोमीटर, ३ ते ४ लाख डाँग. जुनं बंदर, पिवळ्या भिंती, कंदील. जुन्या भागाचं तिकीट १ लाख २० हजार डाँग आणि त्यात निवडक पाच जुन्या वास्तू आतून बघता येतात. संध्याकाळी गर्दी उसळते. सकाळी सात वाजता जा, गल्ल्या झाडणारी माणसं आणि तुम्ही एवढेच असता.

पण होई आनला तीन रात्री ठेवल्या त्या 'मी सन' या जागेसाठी. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या वाटीत चंपा या इथल्या जुन्या राज्याची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मानं इथं भद्रेश्वर शिवाची स्थापना केली, पुढं शतकानुशतकं विटांची देवळं बांधली गेली. बरेच शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत सगळ्यात उंच देऊळ कोसळलं, बाँबचे खड्डे अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या ए, एच आणि के या गटांतल्या देवळांचं जतन केलं, आणि ते काम चालू असताना मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मिळालं. आईनं तिथं बसून शिवमहिम्न म्हटलं, हळू आवाजात. पहारेकऱ्यानं फक्त मान लववली.

तिकीट दीड लाख डाँग. आठ वाजायच्या आत पोहोचा. नंतर सहलीच्या बस येतात आणि विटा तापतात. हॉटेलातून मिळणारी अर्ध्या दिवसाची सामायिक गाडी टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते, पहाटेची फेरी मागा. नंतर दा नांगला चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या, शिल्पांचं संग्रहालय बघा. मी सनच्या देवळांतल्या मूर्ती बऱ्याच तिथं आहेत, आणि आधी देवळं बघितलेली असली की कुठली मूर्ती कुठल्या गाभाऱ्यातली ते जुळवता येतं.

शेवटचा दिवस

सायगॉनला एक रात्र पुरते. शहराच्या मध्यातल्या बेन थान्हपासून २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली मेट्रो आहे, दुपारच्या उन्हात तिच्यात बसून शहर वरून बघून या. विमानतळ शहरातच आहे, पण संध्याकाळी रस्ते तुंबतात, म्हणून साडेतीन-चार तास आधी निघा. पासपोर्ट हरवला किंवा तसंच काही झालं तर हनोईत भारताचा दूतावास आणि इथं वाणिज्य दूतावास आहे. पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिकेचा ११५.

उरलेले डाँग विमानतळाच्या आत शिरण्याआधीच संपवा किंवा बदला. भारतात ते कुणी घेत नाही. आमच्याकडे १ लाख ८० हजार उरले होते. आईनं त्यातून कॉफी गाळायच्या दोन पत्र्याच्या चाळण्या आणि अर्धा किलो कॉफी घेतली.